जुन्या वर्कशॉप मशिनांसाठी जुन्या छंद-मासिकांतले लेख कसे शोधायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या वर्कशॉपमध्ये जुने लेथ, शेपर आणि ड्रिल मशीन आजही दिसतात. मॅन्युअल हरवलेलं, बनवणारी कंपनी बंद, आणि नेमका तोच बुश किंवा गिअर गेलेला. अशा वेळी पन्नास-सत्तर वर्षांपूर्वीच्या छंद-मासिकांतला एखादा लेख काम सोडवून देतो. तो कसा शोधायचा आणि सापडल्यावर कसा वापरायचा, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

मॅन्युअल मिळत नाही. मासिकातला लेख त्याच्या जागी चालेल का?

पुष्कळदा मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोगी पडतो. तेल कुठे घालायचं आणि पट्टा किती ताणायचा, एवढं मॅन्युअल सांगतं. बेअरिंग कुठून झिजतं, जिब (सरकत्या भागाची ढिलाई काढणारी पट्टी) घट्ट करूनही सॅडल (बेडवर सरकणारा भाग) का हलते, क्रॉस स्लाइडचा नट हातातल्या साधनांवर कसा बनवायचा, हे सांगतो तो स्वतःच्या शेडमध्ये काम केलेला माणूस, आणि तो मासिकात लिहीत असे. पार्ट नंबर आणि सुट्या भागांचं चित्र मात्र मॅन्युअलमध्येच असतं. म्हणून दोन्ही शोधा.

कोणत्या मासिकांत शोधायचं?

मशीन कुठलं आहे त्यावर ते ठरतं.

इंग्लिश मशीन असेल, म्हणजे मायफोर्ड, ड्रमंड किंवा त्यांच्या पिढीतलं काही, तर पहिलं नाव ‘मॉडेल इंजिनिअर’. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये लंडनला ते सुरू केलं आणि अनेक दशकं ते साप्ताहिक होतं. एडगर वेस्टबरी यांचे लेख आणि ‘ड्युप्लेक्स’ या टोपणनावाने दोघांनी मिळून लिहिलेली वर्कशॉपवरची मालिका दुरुस्तीसाठी फार कामाची आहे. १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘मॉडेल इंजिनिअर्स वर्कशॉप’मध्येही जुन्या लेथवरचे लेख येत राहिले. पायाने चालवायचा एकोणिसाव्या शतकातला लेथ असेल तर १८६५ मध्ये सुरू झालेलं ‘इंग्लिश मेकॅनिक’ चाळा.

अमेरिकन मशीन असेल, उदाहरणार्थ साउथ बेंड किंवा अ‍ॅटलस, तर ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ (१९०२ पासून), ‘पॉप्युलर सायन्स’ (१८७२ पासून) आणि १९८२ चं ‘द होम शॉप मशिनिस्ट’.

मराठीत नागपूरच्या ‘उद्यम’मध्ये छोट्या धंद्यांची माहिती येई. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० मध्ये सुरू झालं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच, त्यामुळे या भागात ते मासिक हमखास विचारलं जातं. लेथ दुरुस्तीची मापं त्यात मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. कोणतं यंत्र कधी बाजारात आलं, कसं दिसत होतं, हे जाहिरातींवरून ओळखायला मात्र जुने अंक उपयोगी पडतात.

माझा लेथ हरिहरचा किंवा एचएमटीचा आहे. त्यावर लेख कुठे मिळतील?

मशीनच्या नावाने शोधलंत तर परदेशी छंद-मासिकांत जवळपास काहीच हाती लागणार नाही. म्हैसूर किर्लोस्करने हरिहरला १९४१ पासून लेथ बनवले, एचएमटी १९५३ मध्ये बेंगळुरूला स्थापन झाली. दोन्हींचे ग्राहक कारखाने होते, घरच्या शेडमध्ये काम करणारे हौशी लोक नव्हेत. म्हणून भागाच्या नावाने शोधा: हाफ नट, एप्रन, टेपर जिब, फेदर की, गनमेटल बुश. कोणत्याही देशाचा लेथ घ्या, हाफ नट झिजतो एकाच पद्धतीने.

शोधायला बसण्याआधी मशीनची कोणती माहिती हाताशी हवी?

बहुतेकांचा शोध इथेच फसतो. पुढच्या गोष्टी वहीत लिहून घ्या: सेंटर हाइट (बेडपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची), दोन सेंटरमधलं जास्तीत जास्त अंतर, स्पिंडलच्या नाकाचा व्यास आणि इंचाला किती आटे, स्पिंडल आणि टेलस्टॉकमधला मोर्स टेपर (निमुळत्या छिद्राचं ठरीव माप), लीड स्क्रूचे (सॅडल चालवणाऱ्या लांब स्क्रूचे) इंचाला आटे, बेड सपाट की व्ही आकाराचा, स्पिंडलला व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू), गनमेटल की बॉल बेअरिंग.

ही मापं लावायची कशी, ते मायफोर्ड एमएल७ वर पाहू. हा लेथ १९४६ मध्ये आला. सेंटर हाइट साडेतीन इंच, स्पिंडलचं नाक सव्वा इंचापेक्षा एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी, म्हणजे १.१२५ इंच, त्यावर इंचाला १२ आटे, मोर्स टेपर २ नंबर, लीड स्क्रू इंचाला ८ आट्यांचा. ही चारही मापं जुळली आणि बेड सपाट असला, तर नावाची पट्टी गेलेली असली तरी शोध एमएल७ पासून सुरू करावा.

एक घोळ कायम होतो. इंग्लिश लोक सेंटर हाइट सांगतात, अमेरिकन लोक स्विंग, म्हणजे बेडवर फिरू शकणारा सर्वांत मोठा व्यास. साउथ बेंडचा ‘नऊ इंची’ लेथ इंग्लिश हिशेबात साडेचार इंची होतो. इंग्लंडच्या लेखांत ‘नऊ इंची लेथ’ शोधत बसलात तर दुप्पट मोठ्या मशीनचे लेख समोर येतील.

अनुक्रमांक बहुधा बेडच्या टेलस्टॉककडच्या टोकाला ठोकलेला असतो, रंगाच्या दोन-तीन थरांखाली. रॉकेल आणि पितळी ब्रश वापरा. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासलं तर उथळ आकडे पुसट होतात. साफ झाल्यावर खडू चोळून तिरका टॉर्च मारा. बिडात उठून आलेला आकडा हा ओतकामाच्या पॅटर्नचा (वाळूचा साचा करायच्या नमुन्याचा) नंबर असतो. तो मॉडेल नंबर समजून शोधणारे दिवस फुकट घालवतात.

इंटरनेटवर नेमकं कुठे आणि कसं शोधायचं?

‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ आणि ‘पॉप्युलर सायन्स’चे बहुतेक जुने अंक गूगल बुक्सवर पूर्ण वाचता येतात. एक अंक उघडा आणि ‘सगळ्या अंकांत शोधा’ हा पर्याय घ्या. साध्या गूगलवर हे लेख वर येत नाहीत.

इंटरनेट आर्काइव्हवर शोधताना ‘मजकुरात शोधा’ हा पर्याय स्वतः निवडावा लागतो. नाहीतर यंत्रणा फक्त शीर्षकं पाहते, आणि शीर्षक असतं नुसतं मासिकाचं नाव आणि वर्ष. लेखाचं नाव त्यात नसतं.

हाथीट्रस्ट या अमेरिकन विद्यापीठांच्या संग्रहात पुष्कळ खंड भारतातून उघडत नाहीत. तरी ते सोडू नका. न उघडणाऱ्या खंडातही तुमचा शब्द कोणत्या पानावर आहे ते तिथे दिसतं. खंड आणि पान हातात आलं की ग्रंथालयाकडे मागणी करायला तेवढं पुरतं.

जुन्या अमेरिकन कंपन्यांचे कॅटलॉग व्हिंटेज मशिनरी या संकेतस्थळावर मोफत आहेत. इंग्लिश लेथ ओळखायला लेथ्स डॉट को डॉट यूके सर्वांत भरवशाचं.

शोधशब्द इंग्रजीत टाइप करा आणि एकाच शब्दावर अडून बसू नका. तोच भाग इंग्लंडमध्ये ‘टॉप स्लाइड’ असतो, अमेरिकेत ‘कंपाउंड’. इंग्लंडमधला ‘सिल्व्हर स्टील’ अमेरिकेत ‘ड्रिल रॉड’ होतो, आणि त्यात चांदी नसते. इंग्लिश लेखात ‘पॅराफिन’ने भाग धुवायला सांगितलं असेल तर ते आपलं रॉकेल.

माझ्याकडे फक्त ‘खंड अमुक, पान तमुक’ एवढाच संदर्भ आहे. तारीख कशी काढायची?

‘मॉडेल इंजिनिअर’चे खंड साप्ताहिक काळात सहामाही होते, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर, आणि पानांचे आकडे पूर्ण खंडभर सलग चालत. त्याच खंडातला तारीख माहीत असलेला कोणताही एक अंक सापडला की पानांच्या आकड्यांवरून तुमचा अंक आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंदाजात येतो. बांधणी करताना मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकायची पद्धत होती, त्यामुळे बांधलेल्या खंडात तारीख शोधणं कठीण जातं. सूची आधी शोधा. ती काही वेळा खंडाच्या शेवटी असते, काही वेळा सुरुवातीला शिवलेली.

बेळगावात किंवा जवळपास छापील अंक कुठे पाहायला मिळतील?

सुरुवात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयापासून करा. अंक तिथे असतीलच असं नाही, पण ते ग्रंथालय डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सदस्य असेल तर दुसऱ्या शहरातून लेखाची प्रत मागवू शकतं. मागणी ग्रंथपालामार्फतच जाते. बाहेरच्या माणसाने ओळखपत्र, मशीनचा फोटो आणि पूर्ण संदर्भ घेऊन समक्ष भेटावं. मासिक, खंड, अंक, तारीख, पान, लेखाचं नाव, लेखक, या क्रमाने कागदावर लिहून द्या. ‘लेथवरचं काहीतरी’ अशी मागणी पुढे सरकत नाही.

आधी घरबसल्या इन्फ्लिबनेटचा इंडकॅट हा एकत्रित कॅटलॉग पाहा. कोणत्या विद्यापीठाकडे कोणतं नियतकालिक आहे ते त्यात कळतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं ग्रंथालय १९११ पासूनचं, त्यामुळे जुन्या अभियांत्रिकी नियतकालिकांसाठी तिथे विचारणं योग्य.

सीमाभागातल्या माणसाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या आधी आलेल्या मशिनांचे एजंट, बिलं, कॅटलॉग यांचा माग मुंबई-पुण्याकडे जास्त लागतो, त्यानंतरच्यांचा बेंगळुरू-हरिहरकडे. मशीनवर एजंटची पितळी पट्टी असेल तर तिच्यावरचं शहर बघून शोधाची दिशा ठरवा. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात छापलेल्या पुस्तकांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह इतर ठरलेल्या ग्रंथालयांना द्याव्या लागतात. १९५६ मध्ये नियतकालिकंही त्यात आली. मराठी मासिकांसाठी ही वाट शेवटची, पण पक्की.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय आणि कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर या दोन्ही संस्था एकोणिसाव्या शतकातल्या. जुन्या मराठी नियतकालिकांची चौकशी तिथे जरूर करा.

लेखाची झेरॉक्स काढणं कायदेशीर आहे का?

स्वतःच्या वापरासाठी, अभ्यासासाठी एका लेखाची प्रत १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये बसते. ती छापून विकणं किंवा सगळ्यांसाठी अपलोड करणं बसत नाही. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. १९५० चा लेख जुना वाटला तरी लेखक १९८० मध्ये वारला असेल तर हक्क अजून चालू आहे.

स्कॅनमधली मापं वाचता येत नाहीत. काय करावं?

आधी एक गोष्ट समजून घ्या. पानाचं चित्र एक आणि संगणकाने त्यातून ओळखलेला मजकूर वेगळा. संगणक अपूर्णांक चुकीचे वाचतो. ‘१/८’चं ‘११८’ होतं, साडेतीनचं नुसतं ‘३१’. म्हणून मजकूर फक्त शोधायला वापरा, माप नेहमी पानाच्या चित्रावरून घ्या.

चित्रावर पट्टी ठेवून माप कधीही काढू नका. छापताना आकृती लहान केलेली असते आणि बांधणीच्या कडेकडे पान वाकल्याने स्कॅनमध्ये एक बाजू आखडते. खात्रीसाठी बेरीज करा: दांड्याच्या टप्प्यांची सुटी मापं मिळवली की एकूण लांबी यायला हवी. पुसट आकडा बहुतेक वेळा या बेरजेतून निघतो. जुळलंच नाही तर तुमच्या मशीनवरचा झिजलेला भाग मोजा, पण न झिजलेल्या जागी. क्रॉस स्लाइडचा स्क्रू मधे झिजतो, टोकाचे आटे मूळ मापाचे राहतात.

लेखातल्या आकृत्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

पुढच्या तीन महिन्यांचे अंक पाहिल्याशिवाय धातू कापू नका. साप्ताहिकात चुका होत, आणि वाचकांच्या पत्रांत किंवा बारीक टायपातल्या दुरुस्तीत त्या सांगितल्या जात. शोधताना लेखकाचं नाव आणि लेखाचं शीर्षक दोन्ही पुन्हा टाका. पत्र लिहिणारा वाचक या दोहोंपैकी एकाचा उल्लेख करतोच. बरेचदा पत्रातली सूचना मूळ लेखापेक्षा सोपी असते.

आट्यांची मापं आपल्याकडच्या स्क्रूंशी जुळतात का?

दिसायला जुळतात, आणि नुकसान तिथेच होतं. जुन्या इंग्लिश मशीनवर बारीक स्क्रू बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे असतात. २ बीए म्हणजे ४.७ मिमी व्यास आणि ०.८१ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर). एम५ चा स्क्रू ५ मिमी आणि ०.८ पिचचा. जोर लावला तर तो दोन-तीन आटे शिरतो आणि बिडातलं छिद्र बिघडवतो. अर्धा इंची व्हिटवर्थला इंचाला १२ आटे असतात, अमेरिकन अर्धा इंचीला १३. नट दोन फेऱ्या फिरून अडकला तर पाना लावू नका, आधी पिच गेज लावा. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या व्यासाचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नव्हे.

फीडच्या स्क्रूचं असंच आहे. इंचाला १० आटे म्हणजे एका फेरीला २.५४ मिमी. स्थानिक टर्नरने सोय म्हणून २.५ मिमी पिचचा स्क्रू-नट करून दिला तर काम चालेल, पण जुनी डायल प्रत्येक फेरीला ०.०४ मिमी खोटं दाखवेल. शिवाय अ‍ॅक्मे आट्याचा कोन २९ अंश, मेट्रिक ट्रॅपेझॉइडलचा ३०. स्क्रू जुना आणि नट नवा असं करायचं असेल तर टूल २९ लाच घासा.

चेंज गिअर तुटलाय. लेखात २० डीपी लिहिलंय. इथे कापून मिळेल का?

मिळेल, पण मागताना डीपीच (डायमेट्रल पिच, म्हणजे इंचभर व्यासामागे किती दात) सांगा. २० डीपी म्हणजे १.२७ मॉड्यूल (दाताचं मेट्रिक माप). गिअर कापणाऱ्याकडे १.२५ मॉड्यूलचा कटर तयार असतो आणि ‘जवळचाच आहे’ म्हणून तो लावला जातो. पडताळा सोपा आहे. ४० दातांच्या २० डीपी गिअरचा बाहेरचा व्यास ४२ भागिले २०, म्हणजे २.१ इंच, ५३.३४ मिमी. १.२५ मॉड्यूलचा असेल तर ५२.५ भरेल. हा जवळजवळ एक मिमीचा फरक साध्या व्हर्नियरवर लगेच दिसतो. गिअर ताब्यात घेण्याआधी मोजा. प्रेशर अँगलही (दाताच्या बाजूचा कोन) विचारा: मायफोर्डसारख्या जुन्या लेथचे गिअर साडेचौदा अंशांचे आहेत, आजचे कटर बहुधा २० अंशांचे. दोन्ही एकत्र चालवले तर आवाज करतात आणि लवकर झिजतात.

अमेरिकन लेखातली पुली आपल्या मोटरला तशीच घ्यावी का?

नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झ, त्यांची मोटर १७२५ फेऱ्यांची. आपली ५० हर्ट्झवर साधारण १४४० फिरते. स्पिंडलचा वेग लेखाप्रमाणे ठेवायचा तर मोटरवरची पुली १.२ पट घ्या, अडीच इंचाच्या जागी तीन इंच. पट्ट्याची लांबी मग बदलते.

जुन्या लेखांतल्या कोणत्या सूचना अजिबात पाळू नयेत?

कार्बन टेट्राक्लोराइडने भाग धुणं, सायनाइडने केस हार्डनिंग (फक्त पृष्ठभाग कडक करणं), ब्रेझिंगला अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा. त्या काळी हे सर्रास चालायचं, आज धोका माहीत आहे. धुवायला रॉकेल पुरतं. केस हार्डनिंग हीट ट्रीटमेंटच्या शॉपमधून करून घ्या. व्हाइट मेटलचं बेअरिंग ओतायची कृती बरोबर असते, पण इंग्लंडच्या लेखात आपला पावसाळा नसतो. जून ते सप्टेंबर इकडची हवा दमट. साचा किंवा कवच आधी नीट तापवून कोरडं केलं नाही तर ओलाव्याची वाफ होऊन वितळलेला धातू तोंडावर उडतो. त्यातलं शिसं लक्षात घेऊन हे काम उघड्यावरच करा.

तेलासाठी जुन्या ब्रँडची नावं शोधत फिरू नका. हेडस्टॉकला ३२ ग्रेडचं आणि बेडला ६८ ग्रेडचं तेल बहुतेक ठिकाणी चालतं. बेळगावात हायड्रॉलिकचा धंदा मोठा असल्याने दोन्ही ग्रेड सहज मिळतात.

लेखात ओतीव भागाची आकृती आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकच नग ओतून मिळेल का?

या भागातल्या माणसाला इतर ठिकाणच्यांपेक्षा मोठा फायदा इथे आहे, म्हणून हे नीट करा.

एका नगासाठी कोणी साचा लावणार नाही. चालू बॅचच्या बॉक्समध्ये रिकामी जागा असेल तेव्हा तुमचा पॅटर्न बसवून देतात, म्हणून पॅटर्न तयार ठेवून घाई न करता विचारा. बिडाची ग्रेड सांगताना एफजी २०० किंवा एफजी २६० सांगा.

तुटलेला भाग जोडून तोच पॅटर्न म्हणून देऊ नका. बीड थंड होताना साधारण एक टक्का आखडतं, फुटाला एक सूत. २०० मिमीचं हातचाक पॅटर्न म्हणून वापरलंत तर १९८ चं येईल, आणि वरून मशीनिंग केलं की आणखी लहान. लाकडी पॅटर्न २०२ चा करा, आणि ज्या बाजू मशीन करायच्या तिथे प्रत्येकी ३ मिमी जास्त ठेवा. गनमेटलला हीच वाढ दीड टक्क्याच्या आसपास लागते. उभ्या बाजूंना एक ते दोन अंश उतार द्या, नाहीतर पॅटर्न काढताना वाळूची कड फुटते. आतले कोपरे गोल भरा. टोकदार कोपऱ्यात कास्टिंगला भेग जाते, आणि ती रंगाखाली लपून पुढे लोड आल्यावर उघडते.

मासिकातल्या आकृतीत ही वाढ धरलेली असते का? बहुधा नसते. आकृती तयार भागाची असते. लेखक स्वतः कास्टिंग विकत असेल तर पॅटर्नची मापं तो देतच नाही. आकृतीतल्या ज्या पृष्ठभागांवर मशीनिंगची खूण आहे तेवढेच ३ मिमीने वाढवा. बाकीचे फक्त आखडण्यापुरते.

सापडलेले लेख कसे जपून ठेवावेत?

प्रत्येक स्कॅनच्या फाइलला मासिक, तारीख आणि पान या क्रमाने नाव द्या, आणि पहिल्या पानावर मशीनचा अनुक्रमांक लिहा. दुरुस्तीचं पत्र सापडलं तर ते त्याच फाइलमध्ये पहिलं ठेवा, शेवटी नको. वर्कशॉपमध्ये नेण्यासाठी वेगळी झेरॉक्स काढा आणि तिच्यावर प्रत्यक्ष मोजलेली मापं लाल शाईने लिहा. पुढे मशीन विकलं गेलं तर ही फाइल मशीनबरोबर द्या.